अडीच पट बर्था

बिग बर्था हे एस्टेस कंपनीचं खेळण्यातलं रॉकेट. उंची २४ इंच, नळीचा व्यास पावणेदोन इंचांना जरा कमी, बोथट नाक आणि मागे झुकलेले चार मोठे फिन. साठच्या दशकापासून ते अमेरिकेतल्या दुकानांत टांगलेलं असतं. आमच्या घरी ते मुलासाठी आलं. मुलाचा रस दोन रविवारांत संपला, बायकोचा संपला नाही. तिने तेच रॉकेट चार इंची नळीवर नव्याने बांधायला घेतलं. तयार किट नाही. प्रत्येक भाग मोजून, वाढवून, हाताने कापलेला.

त्याच सुमारास तिचा मामा पुण्याहून आमच्याकडे कोलोरॅडोला आला. त्याची उभी नोकरी घन इंधनाच्या चाचण्यांत गेली. त्यामुळे ज्या गॅरेजमध्ये या विषयावर बोलणारं एक माणूसच मला जड जात होतं, तिथे दोन झाली. खालचं बोलणं त्यांचं, काटछाट माझी.

मामा : आधी मला हे सांग, हे कशासाठी? उंच जायचंय? काही वजन न्यायचंय? काही मोजायचंय?

भाची : नाही. मोठी बर्था हवीय.

मामा : ही हौस झाली, कारण नव्हे. आम्ही काहीही बांधायला घेतलं की पहिल्या पानावर काम लिहिलेलं असायचं. एवढा भार, एवढं अंतर, एवढं तापमान. आकार त्यातून निघायचा. तू आकार आधी घेऊन बसलीस.

भाची : माझ्या पहिल्या पानावर आकारच आहे. बाहेरची एक रेघ हलवायची नाही. आत मात्र काय वाटेल ते करायची मुभा. तूच सांग, ही अट तुझ्या अटींपेक्षा सोपी आहे का?

मामा : झेरॉक्स काढणाऱ्यालाही हीच अट असते.

भाची : झेरॉक्सला वजन नसतं, मामा. नळी चार इंचांची घेतली की प्रमाण होतं २.४४. उंची गेली जवळजवळ दीड मीटरवर. पृष्ठभाग सहा पट. आणि सगळ्या जाड्याही त्याच प्रमाणात वाढवल्या तर वजन साडेचौदा पट. मूळ बर्था मोटरशिवाय साठेक ग्रॅमची, म्हणजे ही नऊशेच्या आसपास.

मामा : गॅलिलिओने १६३८ मध्ये हेच लिहून ठेवलंय. राक्षसाचं हाड माणसाच्या हाडासारखंच काढलं तर ते मोडेल, ते प्रमाणाबाहेर जाड काढावं लागेल. तुझी बर्था राक्षस आहे आणि तिला तू माणसाचंच हाड देतेयस.

भाची : म्हणून तर हाड बदलतेय. कातडी तीच ठेवून.

मामा : आणि ढकलणार कोण तिला? त्या बोटाएवढ्या मोटरने ती जागची हलायची नाही.

भाची : ते गणित मला फार आवडतं. इथे मोटरना अक्षरं असतात. ए म्हणजे जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, बी पाच, सी दहा. प्रत्येक अक्षराला दुप्पट. आता रॉकेट दुप्पट मोठं केलं की वजन आठ पट. आठ म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे तीन अक्षरं पुढे. मी केलंय अडीच पटीच्या जवळ, तर जवळजवळ सोळा पट, चार अक्षरं. सी वरून जी. छोटी बर्था सी मोटरवर उडते, ही जी वर उडेल.

(मामा यावर थोडा वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने पाठीमागच्या खोक्यावर पेन्सिलीने अक्षरं मांडून पाहिली, एक्सपर्यंत गेला आणि स्वतःशीच हसला. मला वाटतं त्याचा विरोध तिथेच जरा सैल झाला होता, पण कबूल करण्याची पद्धत त्यांच्या घरात नाही.)

मामा : बरं, जी म्हणजे दीडशेच्या आसपास न्यूटन-सेकंद. मोटरचं वजन? ती पण साडेचौदा पट?

भाची : इथेच तर गंमत आहे. सीची मोटर चोवीस ग्रॅमची. साडेचौदा पट म्हणजे साडेतीनशे ग्रॅम व्हायला हवी. प्रत्यक्षात ही सव्वाशेच्या आसपास.

मामा : कारण छोटीत बंदुकीची दारू आहे आणि हिच्यात संमिश्र. अमोनियम परक्लोरेट, रबर, असल्यास ॲल्युमिनियम. एका किलोमागे दोन-अडीच पट ढकलते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात हेच कुळ आहे. आणि मोठ्या व्यासाला बंदुकीची दारू वापरूच नये. ती दाबून भरलेली ठिसूळ वडी असते. उन्हात गाडीत राहिली, रात्री गार पडली, की बारीक तडा जातो. पेटली की तड्याच्या आतली बाजूही पेटते, दाब एकदम चढतो आणि नळी फुटते. रबरातलं इंधन तसं तडकत नाही. आता मला सांग, हे तू विकत आणलंस? दुकानातून?

भाची : दुकानातून, पावती घेऊन.

मामा : आपल्याकडे १८८४ चा स्फोटकांचा कायदा अजून चालू आहे. मी ज्या पदार्थाला हात लावण्याआधी सुती कपडे घालून, तांब्याच्या पट्टीला हात टेकवून अंगातली वीज उतरवायचो, तो तू किराणा सामानासारखा पिशवीतून आणतेस.

भाची : इथेही सरकारने त्याला स्फोटक ठरवलं होतं. दोन हौशी संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली, २००० मध्ये कोर्टात गेल्या. नऊ वर्षं खटला चालला. २००९ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की हे स्फोटकांच्या यादीत घालायला सरकारकडे पुरेसा आधार नाही.

मामा : न्यायाधीशाला विचारून पदार्थ जळत नाही.

भाची : पण तुझं मत काय? स्फोटक आहे का ते?

मामा : (नाइलाजाने) नाही. उघड्यावर ते जळतं, आणि हळू जळतं. स्फोट ही वेगळी गोष्ट. नळी फुटते ती दाबाने. पण मुद्दा तो नाही. आम्ही एका घाण्यातल्या दहा मोटरी काढायचो, चाचणीच्या बाकाला बांधून जाळायचो आणि मग अकरावीवर विश्वास ठेवायचो. तू एकच रॉकेट बांधलंस, एकदाच उडवणार. यातून तुला कळणार काय?

भाची : मोटरीची चाचणी माझ्या आधी झालेली आहे. ती प्रमाणित असल्याशिवाय मैदानावर चालतच नाही. हा सगळा छंदच त्या एका गोष्टीवर उभा आहे. स्पुटनिकच्या काळात इथली पोरं तळघरात गंधक आणि जस्ताची भुकटी ठासून बोटं गमावत होती. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा बुटांचा दुकानदार होता, दारूकामाचा शौकीन. त्याने १९५४ मध्ये भावाबरोबर कागदी रॉकेट केलं, बदलता येणाऱ्या मोटरीचं, पॅराशूटने खाली येणारं. पुढे व्हर्न एस्टेसने मोटरी भरायचं यंत्र बांधलं, त्याचं नाव मेबल. साडेपाच सेकंदांना एक मोटर. ते यंत्र इथेच होतं, आधी डेन्व्हरला, मग पेनरोजला. विचार एवढाच की दारूला हात यंत्राने लावायचा, पोराने फक्त कागद आणि लाकूड कापायचं.

मामा : हे बरं केलं.

भाची : मग मी कागद आणि लाकूडच कापतेय की!

मोटरीचा विषय इथे संपला आणि खरा वाद सुरू झाला, तो फिनवर. मूळ बर्थाचे फिन बाल्साच्या अडीच मिलिमीटरच्याही आतल्या फळीचे. अडीच पटीने ते सहा मिलिमीटरचे होतात. इथली बहुतेक मंडळी अशा वेळी सरळ बर्चचं प्लायवूड घेतात. मजबूत, सरळ, दुकानात मिळणारं. टेबलावर तशी एक फळी पडलीही होती. मामाने ती हातात तोलली.

मामा : हे लावणार आहेस?

भाची : नाही. हे लावून बघितलं, ओपनरॉकेटमध्ये. ते एक मोफत सॉफ्टवेअर आहे, फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघालेलं. बर्च बाल्साच्या चौपट-पाचपट जड. चारही फिन शेपटीला, म्हणजे गुरुत्वमध्य मागे सरकतो. दाबमध्य, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा, मात्र जिथल्या तिथे, कारण तो फक्त आकारावर ठरतो.

मामा : बॅरोमनची समीकरणं.

भाची : तुला माहितीयेत?

मामा : अगं, तो नासाच्या गोडार्डमधला माणूस. साउंडिंग रॉकेटवाला. त्याने ती १९६६ मध्ये तुमच्या या हौशी लोकांसाठीच सोपी करून दिली. आम्हीही चटकन अंदाज घ्यायला तीच वापरायचो. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, निदान एका व्यासाइतका. तुझ्या बाबतीत दहा सेंटिमीटर. नाहीतर वर जाऊन गिरक्या.

भाची : तर प्लायवूड लावलं की ते दहा सेंटिमीटर राहत नाहीत, नाकात शिसं भरावं लागतं. शिसं भरलं की वजन वाढतं. आणि इथला कायदा म्हणतो, परवान्याशिवाय उडवायचं तर सगळं मिळून १५०० ग्रॅमच्या आत, इंधन १२५ ग्रॅमच्या आत, अंग कागदाचं, लाकडाचं किंवा फुटणाऱ्या प्लास्टिकचं.

मामा : म्हणजे आलं ना तुझ्या पहिल्या पानावर काम. मघाशी नव्हतं म्हणालीस.

भाची : ही मर्यादा आहे, काम नाही.

मामा : माझ्या नोकरीत दोन्हीला एकच रकाना होता. बरं, मग फिन कशाचे?

भाची : पाच मिलिमीटरचा बाल्सा, दोन्ही बाजूंनी पातळ काचकापड आणि इपॉक्सी. ताकद कातडीत ठेवायची, जाडी हलक्या गाभ्यात. शिवाय फिन नळीला नुसता चिकटवलेला नाही. नळीला खाच पाडून आत मोटरीच्या नळीपर्यंत नेलाय, आत तिन्ही बाजूंनी इपॉक्सीची गोलाई. बाहेरून बर्था, आतून काहीतरी भलतंच.

मामा फिनच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. कड मूळ बर्थासारखी गोलसर घासलेली होती, काचकापडाचा एकही धागा सुटलेला नव्हता. त्याने फिन टेबलाच्या कडेला धरून पीळ द्यायचा प्रयत्न केला. हलला नाही.

मामा : फडफडीचा हिशेब केलास? वेगात फिन थरथरायला लागला की काचकापडही सोलून निघतं.

भाची : जाडी आणि रुंदीचं प्रमाण तेच ठेवलं, सामान तेच ठेवलं, तर फडफड सुरू व्हायचा वेग आकाराने बदलत नाही. छोटीला जो, तोच मोठीला. आणि ही ताशी तीनशे किलोमीटरही गाठणार नाही. बर्था सावकाश जाते म्हणूनच लोकांना आवडते.

मामा : हं. म्हणजे काही गोष्टी आपणहून मोठ्या होतात.

भाची : थोड्या. कागदी नळी बघ. छोटीची भिंत अर्धा मिलिमीटर, चार इंचीची सव्वा. कुणी ठरवून केलेलं नाही, पण अडीच पट जमलंय. रंग तर उलटा आपल्या बाजूने आहे. त्याचा थर छोटीवर जेवढा, तेवढाच मोठीवर. म्हणजे रंग फक्त सहा पट.

मामा : आणि कुठली गोष्ट सगळ्यात वाईट वाढते, ते सांगितलं नाहीस.

भाची : कुठली?

मामा : जमीन. तू वर जायचाच हिशेब करतेयस. पॅराशूटही प्रमाणातच वाढवलंस असं धर. कापड सहा पट, वजन साडेचौदा पट. म्हणजे उतरायचा वेग दीड पटीहून जास्त. आता आदळण्याची ऊर्जा काढायला वजनाला वेगाच्या वर्गाने गुण. पस्तीस पट. मोठेपणाचा चौथा घात! छोटी बर्था माझ्या डोक्यावर पडली तर मी टोपी झटकेन. ही पडली तर दवाखान्यात जाईन. आणि पॅराशूट उघडलंच नाही, तर दवाखान्याचाही प्रश्न नाही.

(हे बोलून झाल्यावर गॅरेजमध्ये जी शांतता पसरली ती मला मनापासून आवडली.)

भाची : पॅराशूट प्रमाणात नाही वाढवलेलं. प्रमाणात ते ११० सेंटिमीटरचं झालं असतं. मी १३० चं शिवलंय.

मामा : कुठल्या हवेसाठी?

भाची : इथल्या. उडवायचा माळ समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे. हवा विरळ, पॅराशूटला धरायला कमी. पुण्यात हेच १२५ चं चाललं असतं. सेकंदाला पाच मीटरने उतरेल.

मामा : आणि धक्क्याची दोरी?

भाची : छोटीत रबर. हिच्यात खाली केव्हलार, वर नायलॉनची पट्टी, लांब. नळीत वर पॅराशूट, खाली आगरोधक कागदी भुसा. घराच्या भिंतीत भरतात तो. इथे त्याला कुत्र्याची ओकारी म्हणतात.

मामा : दिसतंय तसंच.

मामाचा शेवटचा हल्ला होता स्टीव्ह ईव्ह्जवर. ओहायोतल्या या गाडीदुरुस्तीवाल्याने सॅटर्न-५ चं एक-दशांश मापाचं रॉकेट बांधून २५ एप्रिल २००९ रोजी मेरीलँडच्या एका शेतातून उडवलं. ३६ फूट उंच, १६४८ पौंड, नऊ मोटरी. चार हजार चारशे फुटांवर जाऊन सगळं पॅराशूटने खाली आलं. गॅरेजच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे.

मामा : याचं काय करायचं? पाऊण टन! हाच तुमचा शेवट. आज चार इंच, उद्या हे.

भाची : पण हिशेब बघ ना. खरा सॅटर्न उड्डाणाच्या वेळी तीन हजार टनांना थोडा कमी. दहावा भाग म्हणजे वजन हजारावा, तीन टनांच्या जवळ. याचं भरलं पाऊण टन. मोठं करताना आपण वजनाशी झगडतो, लहान करताना वजन हातातून निसटतं, कारण खरं यान सगळं इंधनच होतं. त्याच्या आकारालाही आतून वेगळंच काहीतरी भरावं लागलं.

मामा : म्हणजे तोही कातडीवालाच.

माझं मत विचारलं नव्हतं, तरी सांगतो. जमिनीच्या बाबतीत मामा बरोबर आहे आणि हा छंद करणाऱ्या प्रत्येकाला तो चौथा घात कुणीतरी ओरडून सांगायला हवा. पण आकाराच्या बाबतीत माझं माप बायकोकडे झुकतं. कामातून आकार काढणं सोपं, कारण अडलं की आकाराला मुरड घालता येते. आकार बांधून घेतला की पळवाट उरत नाही. प्रत्येक अडचण आतल्या आत सोडवावी लागते.

ती उडवायला आम्ही गेलो ते पॉनी नॅशनल ग्रासलँड हा नुसता माळ आहे. झाड नाही, घर नाही, कुंपणाच्या तारा आणि वारा. रॉकेट क्लबच्या सुरक्षा अधिकाऱ्याने वजन विचारलं (१४६० ग्रॅम), नाक ओढून पाहिलं, गुरुत्वमध्याची खूण बोटावर तोलली, फिन हलवून पाहिले. मामाला हे तपासणं फार पसंत पडलं. नियम तीस फूट लांब उभं राहण्याचा. मामा शंभर फुटांपलीकडे, आमच्या गाडीच्या मागे. पाचपासून उलटं मोजलं, ठिणगी लागली आणि बर्था रुळावरून निघाली, छोटीसारखीच, घाई नसल्यासारखी. शेपटीची ज्योत विझल्यावरही ती चढत राहिली, वाऱ्याकडे थोडी वळली. अल्टिमीटरने नंतर २३४ मीटर सांगितले. वर पोचून नाक खाली झुकलं, तरी पॅराशूट आलं नव्हतं. गाडीमागून मामाचं "उशीर, उशीर" ऐकू आलं, मग फट्ट झालं आणि कापड उघडलं. गवतात ती आधी फिनच्या टोकांवर टेकली, मग आडवी झाली. मामा आमच्या आधी तिथे पोचला होता.

मामा : हे बघ. नळीची वरची कड.

भाची : झिपर. इथे असंच म्हणतात. पॅराशूट उशिरा आलं, तेव्हा ती खाली निघाली होती. दोरीने कागदाची कड चिरत नेली.

मामा : दोन सेंटिमीटर. छोटीला याच उशिराने काही झालं नसतं. धक्का दोरीला बसतो आणि दोरी नेमकी सगळ्यात पातळ जागी कापते. तिथे आतून इपॉक्सीची चकती घाल.

भाची : आणि मोटरीचा विलंब, म्हणजे ज्योत विझल्यापासून पॅराशूट फेकेपर्यंतचा वेळ, एक सेकंदाने कमी. पुढच्या वेळी.

मामा : पुढच्या वेळी म्हणजे साडेसात इंच, असं जावईबापू सांगत होते.

भाची : त्याला वेळ आहे. प्रमाण साडेचारच्या वर जातं, वजन शंभर पट, मोटर जे. त्याआधी एच वर परवान्याची पहिली पातळी, मग दुसऱ्या पातळीची लेखी परीक्षा.

मामा : लेखी परीक्षा आहे? आधी सांगायचं नाही का! प्रश्नसंच मिळतो?

भाची : मिळतो.

मामा : छापून दे मला. आणि ऐक. साडेसात इंचाला पॅराशूटपासून सुरुवात कर, मोटरीपासून नको. चौथा घात साडेचारशेवर जातोय. आधी ठरव की किती वेगाने टेकलं तर फिन टिकतो, त्यावरून कापड, कापडावरून जागा, मग वर जायचं बघ. आणि फिनची ती मागे लोंबणारी टोकं, तीच आधी जमिनीला लागतात. दोन सेंटिमीटर आखूड केलीस तर निम्मी चिंता मिटेल.

भाची : मग ती बर्था राहणार नाही, मामा.

मामा : एवढ्या रुंद फिनमध्ये दोन सेंटिमीटर कुणाला दिसतायत?

भाची : मला.